मोटर बंद, ड्राइव्हवर फॉल्ट: बिघाड नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

वाळूजमधल्या एखाद्या कारखान्याची रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. कन्व्हेअर चालता चालता थांबतो. ऑपरेटर पॅनलकडे जातो, तर ड्राइव्हच्या छोट्या डिस्प्लेवर कसलातरी कोड लुकलुकतोय. तो रिसेट दाबतो. कन्व्हेअर सुरू होतो आणि दहा मिनिटांनी परत थांबतो. परत रिसेट. चौथ्या वेळी पॅनलमधून 'फट्ट' असा आवाज येतो आणि डिस्प्लेही विझतो.

सकाळी निकाल लागतो, "ड्राइव्ह उडाला, नवीन मागवा." नवीन येतो, बसतो आणि तोही ट्रिप होतो. कारण मूळ बिघाड ड्राइव्हमध्ये नव्हताच. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पावसाचं पाणी गेलं होतं.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण या पट्ट्यातल्या मेंटेनन्सवाल्यांना असा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. नवा ड्राइव्ह, वाया गेलेली शिफ्ट आणि घाईत पॅनलमध्ये घातलेला हात, या तिन्हींची किंमत मोठी असते. म्हणून ड्राइव्ह ट्रिप झाला की काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने बघायचं, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

ड्राइव्ह म्हणजे नेमकं काय?

आधी मोटरचं महत्त्व बघा. छत्रपती संभाजीनगरला पाणी येतं जायकवाडीतून. धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर. म्हणजे नळाला येणारं पाणी मोटर आणि पंपांनी १०० मीटरहून जास्त वर चढवलेलं असतं. कारखान्यातही पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर, कन्व्हेअर, क्रेन सगळं मोटरवरच चालतं.

साधी थ्री फेज मोटर थेट लाइनवर जोडली की एकाच वेगाने फिरते. हा वेग ५० हर्ट्झच्या सप्लायवर ठरतो. वेग कमी-जास्त करायचा असेल तर फ्रिक्वेन्सी बदलावी लागते, आणि ते काम करतो ड्राइव्ह, म्हणजेच व्हीएफडी.

त्याच्या पोटात तीन टप्पे असतात.

१. रेक्टिफायर: येणाऱ्या ४१५ व्होल्ट एसीचा डीसी करतो.
२. डीसी बस: मोठे कपॅसिटर हा डीसी साठवतात. इथे साधारण ५८० व्होल्ट असतात. सप्लायच्या व्होल्टेजला १.४१ ने गुणलं की हा आकडा निघतो.
३. इन्व्हर्टर: आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्या डीसीतून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी तयार करतात.

फायदा मोठा आहे. पंपाचा किंवा पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर त्याला लागणारी पॉवर जवळपास निम्म्यावर येते. म्हणून आज छोट्या पिठाच्या उद्योगापासून मोठ्या प्लांटपर्यंत ड्राइव्ह दिसतो.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही?

एकच दोष प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने दाखवते. ओव्हरकरंटचंच बघा. सीमेन्सच्या व्ही२० वर 'एफ१' येतं, एबीबीच्या एसीएस५५० वर 'एफ०००१', डॅनफॉसच्या एफसी मालिकेत 'अलार्म १३', तर डेल्टाच्या ड्राइव्हवर 'ओसी'. म्हणून ज्या मॉडेलचा कोड, त्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडायचं. दुसऱ्या कंपनीच्या यादीत तोच आकडा भलताच अर्थ सांगेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोड 'काय झालं' ते सांगतो, 'कुठे झालं' ते सांगत नाही. ओव्हरकरंट म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला, एवढंच. तो अडकलेल्या गिअरबॉक्समुळे गेला, केबल सोलल्यामुळे गेला, की आतला आयजीबीटी शॉर्ट झाल्यामुळे, हे शोधणं आपलं काम. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही, तसंच हे.

पॅनल उघडण्याआधी हे वाचाच

मेन स्विच पाडला म्हणजे ड्राइव्ह सुरक्षित झाला, हा सर्वात धोकादायक गैरसमज आहे. सप्लाय गेल्यावरही डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. तो जीव घेऊ शकतो.

• सप्लाय बंद करा, आयसोलेटरला कुलूप लावा, 'काम चालू आहे' अशी पाटी लावा.
• ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेला वेळ थांबा. छोट्या ड्राइव्हला साधारण ५ मिनिटं, मोठ्यांना १५ मिनिटं किंवा त्याहून जास्त.
• डिस्प्ले विझला यावर विसंबू नका. १००० व्होल्ट डीसी मोजू शकणाऱ्या मीटरने बसच्या प्लस-मायनस टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. ते जवळपास शून्य झालं तरच हात घाला.
• 'ऑटो रिस्टार्ट' सेट केलेला असेल तर फॉल्ट आपोआप क्लिअर होऊन मोटर अचानक फिरू शकते. म्हणून सप्लाय चालू असताना कन्व्हेअरमध्ये किंवा कपलिंगजवळ हात नको.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. ऑपरेटर असाल तर कोड, वेळ आणि परिस्थिती टिपून घ्या. ही मदतही मोठी असते.

पहिला प्रश्न: ट्रिप कधी झाला?

अनुभवी माणूस मीटर काढण्याआधी हाच प्रश्न विचारतो. सुरू करताना, चालताना, थांबवताना की मोटर बंद असताना? डेल्टाचे ड्राइव्ह तर ओव्हरकरंटचे वेग वाढताना, कमी होताना आणि स्थिर वेगात असे वेगवेगळे कोडच देतात. बहुतेक ड्राइव्ह शेवटचे काही फॉल्ट आणि त्या वेळचे करंट, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी साठवून ठेवतात. हा इतिहास आधी लिहून घ्या, रिसेट नंतर.

आता एकेक दोष बघू.

१. ओव्हरकरंट

सुरू करतानाच, पहिल्या क्षणी ट्रिप: मोटर, केबल किंवा आयजीबीटीमध्ये शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी सारखा सारखा रिसेट मारणं म्हणजे चांगल्या ड्राइव्हचा बळी देणं. प्रत्येक प्रयत्नात आयजीबीटीवर शॉर्टचा झटका बसतो. सुरुवातीच्या प्रसंगातला 'फट्ट' तिथूनच आला.

वेग वाढताना ट्रिप: अ‍ॅक्सिलरेशनचा वेळ फार कमी असेल. जड ब्लोअरला ३ सेकंदांत पूर्ण वेग मागितला तर करंट वाढणारच. वेळ वाढवून बघा. मोटर नेमप्लेटवरचे आकडे ड्राइव्हमध्ये बरोबर भरलेत का, तेही तपासा. रिवाइंड करून आणलेली किंवा बदललेली मोटर बसवली आणि पॅरामीटर जुनेच राहिले, हे नेहमीचं कारण आहे.

चालता चालता ट्रिप: लोड अचानक वाढलाय. बेअरिंग जाम, पंपात कचरा, पट्टा घासतोय, गिअरबॉक्समध्ये तेल नाही. शाफ्ट हाताने फिरवून बघणं, अर्थात सप्लायला कुलूप लावून, ही सर्वात स्वस्त तपासणी.

ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर असेल तर तो मोटर चालू असताना पडतोय का तेही बघा. आणि पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर ड्राइव्हच्या आउटपुटला कधीही जोडायचे नाहीत.

२. ओव्हरव्होल्टेज

हा बहुतेकदा थांबवताना येतो. कारण समजायला कन्नडचा घाट आठवा. भरलेला ट्रक घाट उतरताना ड्रायव्हर तो गिअरमध्ये ठेवतो. तेव्हा इंजिन चाकांना ढकलत नसतं, चाकंच इंजिनला फिरवत असतात. तसंच जड पंखा किंवा फ्लायव्हील झटकन थांबवायला गेलं की मोटर जनरेटर बनते आणि वीज उलटी ड्राइव्हकडे पाठवते. ती डीसी बसमध्ये साठते, व्होल्टेज चढतं आणि ८०० व्होल्टच्या आसपास किंवा पुढे ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो.

उपाय सोपा. थांबण्याचा वेळ वाढवा. क्रेन, सेंट्रीफ्यूज अशा ठिकाणी लवकर थांबणं गरजेचंच असेल तर ब्रेक रेझिस्टर लागतो. तो आधीच बसवलेला असेल तर तुटला आहे का, हे सप्लाय बंद करून ओहममध्ये मोजा.

मोटर बंद असतानाही हा फॉल्ट येत असेल तर सप्लायकडे बघा. रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज वाढतं. लाइन ४४० व्होल्टवर गेली की बस ६२० वर पोचते, म्हणजे ट्रिप होण्याआधीची मोकळीक तेवढी घटते. त्यात मोठी कपॅसिटर बँक चालू झाली की व्होल्टेजची उसळी येते. असं वारंवार होत असेल तर इनपुटला लाइन चोक बसवतात.

३. अंडरव्होल्टेज आणि फेज लॉस

लाइट क्षणभर गेली, एक फेज उडाला, मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज बसलं, की हा फॉल्ट येतो. तीनही फेजमधलं व्होल्टेज मोजा आणि ते मोटर लोडवर असताना मोजा. रिकाम्या लाइनवर सगळंच चांगलं दिसतं. फ्यूज, आयसोलेटरची पाती, कॉन्टॅक्टरचे जळके पॉइंट आणि सैल टर्मिनल हे नेहमीचे आरोपी. काळवंडलेलं टर्मिनल किंवा वितळलेलं इन्सुलेशन दिसलं की शोध तिथेच संपतो.

आणखी एक सवय टाळा. दर वेळी मेन सप्लाय चालू-बंद करून मोटर सुरू-बंद करायची नाही. प्रत्येक वेळी कपॅसिटर नव्याने चार्ज होतात आणि चार्जिंगचं सर्किट लवकर खराब होतं. त्यासाठी ड्राइव्हची स्टार्ट-स्टॉप कमांड आहे.

४. ड्राइव्ह तापणं

मराठवाड्यात हा एप्रिल-मेचा खास पाहुणा. बरेच ड्राइव्ह ४० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतात. त्यापुढे अनेक मॉडेलमध्ये प्रत्येक अंशाला साधारण १ टक्का क्षमता कमी धरायला सांगितलेली असते. इथे बाहेरचा पाराच उन्हाळ्यात ४० पार करतो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलच्या आत त्याहून जास्त असतो. म्हणून जानेवारीत बिनतक्रार चाललेला ड्राइव्ह मे महिन्यात दुपारी तीनला ट्रिप होतो आणि संध्याकाळी आपोआप शहाणा होतो.

उंचीचा नियमही आहे. हवा विरळ झाली की थंडावा कमी मिळतो, पण तो नियम सहसा १००० मीटरच्या वर लागू होतो. संभाजीनगर त्याच्या बरंच खाली आहे, त्यामुळे इथे उंचीची काळजी नको. काळजी हवी ती उष्णतेची आणि धुळीची.

आधी बघा: ड्राइव्हचा पंखा फिरतो का? तो झिजणारा भाग आहे, काही वर्षांनी बदलावाच लागतो. हीटसिंकच्या फटी धुळीने बुजल्यात का? जिनिंगमध्ये कापसाचे तंतू, फाउंड्रीत बारीक वाळू, मशीन शॉपमध्ये तेलकट धूळ. पॅनलचा फिल्टर शेवटचा कधी धुतला? ड्राइव्हच्या वर आणि खाली मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा आहे का? पॅनलचं दार उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावणं हा इलाज नाही. धूळ आत जाते आणि जिवंत टर्मिनल उघडे पडतात.

५. अर्थ फॉल्ट

पावसाळ्यात हा जास्त दिसतो. करंट वाइंडिंगमधून किंवा केबलमधून बॉडीकडे निसटतोय. टर्मिनल बॉक्सचं पॅकिंग गेलेलं, ग्लँड सैल, केबल पत्र्याच्या कडेला घासलेली, सबमर्सिबल पंपाच्या केबलचा जोड ओला, अशी कारणं असतात.

शोधायची रीत अशी. सप्लाय बंद करा, बस रिकामी झाल्याची खात्री करा आणि मोटरच्या तिन्ही वायर ड्राइव्हवरून काढा. आता मोटरशिवाय ड्राइव्ह चालवून बघा. तरीही अर्थ फॉल्ट आला तर दोष ड्राइव्हमध्ये. आला नाही तर केबल किंवा मोटरमध्ये. काही ड्राइव्ह मोटर नसल्यावर 'आउटपुट फेज लॉस' दाखवतात, त्याने गोंधळू नका.

मग सप्लाय परत बंद करून केबल आणि मोटर वेगवेगळ्या मेगरने तपासा. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर पुरतो. चांगल्या कोरड्या मोटरचं रीडिंग बरंच वर, अनेकदा शेकडो मेगाओहममध्ये असतं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालवू नका, रिवाइंडिंगवाल्याकडे सुकवायला किंवा दुरुस्तीला द्या.

एक गोष्ट पाठच करा: ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर कधीच मारायचा नाही. मेगरचं व्होल्टेज ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक भाग मारू शकतं. बिघाड शोधायला गेलेल्या माणसानेच ड्राइव्ह उडवला, असं याच चुकीने होतं.

६. मोटर ओव्हरलोड किंवा मोटर तापणं

आधी नेमप्लेटचा करंट आणि ड्राइव्हमध्ये भरलेला करंट जुळतो का बघा. मग लोड बघा. तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. मोटरचा स्वतःचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर १५-२० हर्ट्झवर तासन्तास चालवली तर पंखाही हळू फिरतो आणि मोटर करंट न वाढताही तापते. अशा ठिकाणी वेगळ्या सप्लायचा पंखा बसवतात.

ट्रिप नाही, पण काहीतरी बिनसलंय

डिस्प्ले पूर्ण विझलेला: इनपुट सप्लाय आणि फ्यूज बघा. मग २४ व्होल्टची वायरिंग बाहेर कुठे शॉर्ट झाली आहे का बघा. कंट्रोल वायर काढल्यावर डिस्प्ले आला तर ड्राइव्ह चांगला आहे.

ड्राइव्ह 'रेडी', पण मोटर फिरत नाही: हा अनेकदा फॉल्टच नसतो. स्टार्ट कमांड येत नाही, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला आहे, स्पीडचा सिग्नल शून्य आहे किंवा ड्राइव्ह लोकल-रिमोटमध्ये अडकलाय.

बेअरिंग वारंवार जाणं: ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होतं आणि ते बेअरिंगमधून अर्थ होतं. काढलेल्या बेअरिंगच्या रिंगवर पत्र्याच्या नळीदार छपरासारख्या समांतर रेघा दिसल्या तर हेच कारण. अर्थिंग सुधारणं, शिल्डेड केबल, शाफ्ट ग्राउंडिंग ब्रश किंवा इन्सुलेटेड बेअरिंग हे उपाय आहेत. फक्त बेअरिंग बदलत राहिलात तर बदलतच राहाल.

लांब केबल: मोटर ड्राइव्हपासून ५० मीटर किंवा त्याहून दूर असेल तर केबलच्या टोकाला व्होल्टेजचे झटके वाढतात आणि मोटरचं इन्सुलेशन लवकर जातं. तिथे आउटपुट चोक किंवा फिल्टर लागतो.

ड्राइव्ह खरंच गेलाय का?

बस रिकामी करून, इनपुट आणि आउटपुटच्या वायर काढून मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा. बसच्या प्लस आणि मायनसपासून तिन्ही इनपुट आणि तिन्ही आउटपुट टर्मिनल तपासा. चांगल्या ड्राइव्हमध्ये एका दिशेने साधारण ०.३ ते ०.६ व्होल्ट दिसतं, उलट दिशेने काही नाही, आणि तिन्ही फेजची रीडिंग सारखी असतात. कुठे दोन्ही दिशांनी शून्य आलं तर तो रेक्टिफायर किंवा आयजीबीटी शॉर्ट आहे. तेव्हाच ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवा. आणि नवा बसवण्याआधी मोटर-केबलचा मेगर झालाच पाहिजे.

स्टोअरमध्ये वर्षाहून जास्त पडलेला स्पेअर ड्राइव्ह थेट पूर्ण सप्लायवर लावू नका. पडून राहिलेल्या कपॅसिटरना कंपनीच्या पद्धतीने हळूहळू व्होल्टेज द्यावं लागतं.

ग्रुपवर फोटो टाकताय? मग हे पण लिहा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता डिस्प्लेचा फोटो आणि "कोणी सांगा" असं टाकलं की दहा जणांचे दहा अंदाज येतात. त्याऐवजी एवढं लिहा:

• ड्राइव्हची कंपनी, मॉडेल आणि क्षमता
• मोटरच्या नेमप्लेटचा फोटो
• कोड आणि आधीचे फॉल्ट
• ट्रिप कधी झाला: सुरू करताना, चालताना, थांबवताना की बंद असताना
• त्या वेळचा करंट, व्होल्टेज, हर्ट्झ
• अलीकडे काय बदललं: मोटर, केबल, पॅरामीटर, लोड, पाऊस
• आतापर्यंत काय तपासलं, मेगर रीडिंग किती

निम्म्या वेळा ही यादी भरतानाच उत्तर सापडतं. विशेषतः 'अलीकडे काय बदललं' या ओळीत.

खंडेनवमीची वाट बघू नका

खंडेनवमीला आपण यंत्रं पुसून, हार घालून पूजा करतो. त्या दिवशी पॅनलही साफ होतात. पण ड्राइव्हला वर्षातून एकदा पुरत नाही. उन्हाळ्याआधी फिल्टर, पंखा आणि हीटसिंक साफ करा. पावसाळ्याआधी टर्मिनल बॉक्स, ग्लँड आणि मेगर बघा. दर शटडाऊनला सप्लाय बंद करून टर्मिनल आवळा. आणि सगळे पॅरामीटर कीपॅडवर, लॅपटॉपवर किंवा निदान वहीत उतरवून ठेवा. रात्री दोन वाजता नवा ड्राइव्ह बसवताना ती वही अख्खी शिफ्ट वाचवते.

थोडक्यात, पुढच्या वेळी कोड लुकलुकला की क्रम लक्षात ठेवा: लिहा, सप्लाय बंद करा, थांबा, मोजा, मग हात घाला. रिसेटचं बटण शेवटी.